दादाच्या हातचा पाय

माझी ताई बुटांच्या दुकानात काम करायची आणि तिला डावा पाय गुडघ्याखाली नाही. ओळख करून देताना मी हे एका दमात सांगून टाकायचे. लोकांना आधी हसू यायचं, मग हसल्याची लाज वाटायची, आणि त्यांची ती तारांबळ बघायला ताईला फार आवडायचं. एखादं गिऱ्हाईक फारच चिकित्सक निघालं, अर्धं दुकान खाली उतरवून नाक मुरडायला लागलं, की ती डाव्या नडगीवर बोटांनी टकटक वाजवायची. ‘‘बघा बाई, बुटाला चावायला माझा एकच पाय आहे, तरी मी जोडी घेते. तुमचं काय अडलंय?’’ गिऱ्हाईक खजील होऊन जोड घेऊन जायचं. मालक गल्ल्यामागून बघत असायचे आणि हसू दाबायचे.

घरात तिच्या कृत्रिम पायाला आम्ही ‘जावई’ म्हणायचो. नाव तिनेच ठेवलेलं. सकाळी आधी त्याची विचारपूस, मग आपला चहा. उकाड्यात तो तिला घट्ट व्हायचा, थंडीत सैल पडायचा, आणि कधी कशावरून बिनसेल ते सांगता यायचं नाही. मी घाई करायला लागले की आतल्या खोलीतून आवाज यायचा, ‘‘थांब गं, जावयाचा मान व्हायचाय अजून.’’ आम्ही दोघी बहिणी एकत्र राहतो. तिने लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही. मी शाळेत शिकवते. मला राग पटकन येतो आणि मुक्कामाला राहतो. ताईचा राग दारातूनच परत जातो, निदान तेव्हा तरी जायचा.

हा पाय कसा असतो ते थोडं सांगायला हवं, नाहीतर दादाने काय केलं ते कळणार नाही. खालचं पाऊल आणि मधली नळी कुणीही जोडून देईल. सगळी करामत वरच्या पेल्यात असते. त्याला सॉकेट म्हणतात आणि उरलेला पाय त्यात शिरतो. अंगाचा भार पायाच्या टोकावर पडता कामा नये. तो गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड पट्ट्यावर आणि पोटरीच्या उरलेल्या मांसावर वाटून द्यायचा असतो. जिथे हाड कातडीला चिकटून असतं तिथे आतून हलकीशी खोलगट जागा ठेवायची. म्हणजे जिथे सोसतं तिथे दाबायचं, सोसत नाही तिथे सोडायचं. हे जमवण्यासाठी पायावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून माप घेतात, त्यातून पांढरा भरीव साचा काढतात आणि त्या साच्यावर पेला घडवतात. पाय वर्षांनुवर्षं बारीक होत जातो, म्हणून दर पेल्याला माप नवं. या धंद्यातल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

दादाला तर नाहीच नाही. तो आमचा थोरला भाऊ आणि त्याचा धंदाच हा. ताई शाळेत असताना गोदामाच्या लोखंडी दाराखाली तिचा पाय सापडला. दादा तेव्हा कॉलेजात होता. ताईला पहिला पाय मिळाला तो इतका वाईट होता, की ती तो घालायच्या आधीच रडायला लागायची. दादाने ते रडणं काही दिवस ऐकलं, मग कॉलेज सोडलं आणि पाय बनवायच्या कारखान्यात जाऊन उभा राहिला, मला हे काम शिकवा म्हणून. तो शिकला आणि ताईला त्याने असा पाय करून दिला, की ती आमच्या गल्लीत दोरीवरच्या उड्या मारायला लागली. मी स्वतः पाहिलंय ते. मी मोजत होते आणि ती थांबतच नव्हती.

त्या दिवसापासून दादा आमच्या घरातला देव झाला. बहिणीसाठी शिक्षणावर पाणी सोडलं, ही गोष्ट आईने जाईल तिथे सांगितली, आईनंतर वहिनीने सांगितली, आणि हळूहळू दादा स्वतःही सांगायला लागला. त्याच्या हाताबद्दल घरात कुणी ब्र काढायचा नाही, असा न सांगितलेला नियमच होता. ताईला तो पाळावा लागला नाही, कारण तिचा खरोखरच विश्वास होता. माप घेताना दादा स्टुलावर तिच्या समोर बसायचा आणि प्लास्टर आवळेपर्यंत दोन्ही अंगठे तिच्या गुडघ्याखाली दाबून धरायचा. प्लास्टर वाळताना गरम होतं. तेवढा वेळ दोघं एक शब्द बोलायची नाहीत. ताई म्हणायची, ‘‘तेवढ्या वेळात मला कशाचीच भीती वाटत नाही.’’ मला कधीकधी हेवा वाटायचा तिचा.

मागच्या वर्षी जुना पाय तडकला आणि दादाने नवा केला. ताई नेहमीसारखी माप देऊन आली. पाय आला, घातला, चालली. दारापर्यंत जाऊन परत आली आणि पलंगावर बसली.

‘‘काय गं?’’ मी विचारलं.

‘‘काही नाही. नवा आहे ना.’’

संध्याकाळी तिने पाय काढला तर टोकाशी कातडी लालभडक झालेली. लाली उठतेच थोडी, पण चहा होईतो ती विरून गेली पाहिजे. ही जेवण होऊन भांडी झाली तरी तशीच होती. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘रुळेल. आणखी एक मोजा घाल आतून.’’ पाय सैल वाटला की आतून लोकरी मोजे चढवतात, ही रीतच आहे. ताईने एक चढवला, मग दुसरा, मग तिसरा. आता पेला चहूबाजूंनी आवळायला लागला आणि टोकाला दुखायचं ते दुखतच राहिलं. दादा म्हणाला, ‘‘सवय होऊ दे. इतकी वर्षं जुन्या पायावर काढलीस, नव्याशी ओळख व्हायला वेळ लागणार.’’

आणि ताईला ते पटलं! का पटलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला हसावं की रडावं कळणार नाही. बुटांच्या दुकानात उभी हयात गेलेली ती. गिऱ्हाईक म्हणालं ‘घट्ट होतोय हो’, की हिचं उत्तर ठरलेलं, ‘‘चार दिवस चावेल, मग तुमचाच होईल.’’ ते तिने इतक्या वेळा म्हटलंय, की दादाच्या तोंडून तेच ऐकल्यावर ती मान डोलावून मोकळी झाली. अगं, बूट चामड्याचा असतो, तो पायाचं ऐकतो. पेला प्लास्टिकचा, तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? पण दादा म्हणाला ना, मग झालं.

मी मात्र दादाशी भांडले. ‘‘तिला दुखतंय म्हणते तर एकदा पाय काढून बघ ना.’’

‘‘तू मला माझं काम शिकवू नकोस,’’ तो म्हणाला. ‘‘तिचा पाय मला पाठ आहे. डोळे मिटून करीन.’’

शेवटी ताई डॉक्टरांकडे गेली, आणि तिथे दादा बरोबर गेला. डॉक्टरांनी विचारलं दादाला. सगळेच दादाला विचारतात. दादा म्हणाला, ‘‘पाय व्यवस्थित बसलाय, मी दोनदा तपासला. ती जरा हळवी झालीय अलीकडे. आई गेल्यापासून.’’ ताई समोर बसलेली होती. तिच्यासमोर हे बोलला तो, आणि तिच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवून बोलला. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

तिथून पुढे ते पसरलंच. वहिनी एकदा सहज आल्यासारखी आली आणि म्हणाली, ‘‘वन्सं, मनाला जरा आवर घाला. हे म्हणत होते, दुखणं पायात नाही, डोक्यात आहे.’’ दुकानाचे मालक भले माणूस. दादा एकदा बूट घ्यायला गेला, तेव्हा त्यांनी काळजीने चौकशी केली, आणि दादाने त्यांनाही तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईला गिऱ्हाइकांसमोरून काढून मागच्या खोलीत खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. ‘‘आराम पडेल तुम्हाला,’’ म्हणाले. मागच्या खोलीत खिडकी नाही. ताई दिवसभर तिथे खोक्यांशी बोलत बसायची. टकटक वाजवून दाखवायला समोर कुणी नव्हतं. घरी आली की मला म्हणायची, ‘‘असेलही गं मनाचं. इतकी माणसं म्हणतायत.’’

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. शाळेतल्या एका पालकांकडून मला दुसऱ्या कारखान्याचा पत्ता मिळाला, आणि मी ताईला अक्षरशः ओढून नेलं. दादाला न सांगता. ताई वाटेत सारखी म्हणत होती, ‘‘त्याला कळलं तर काय वाटेल?’’

तिथे पाय करणारी एक बाई होती, जाड चष्मेवाली, तोंडाने जरा फटकळ. तिने ताईला बसवलं, मोजे एकामागून एक उतरवले आणि ओठ आवळले. टोकाची कातडी काळीनिळी पडली होती. ‘‘हे किती दिवस चाललंय?’’

‘‘मला जरा जास्तच वाटतं,’’ ताई म्हणाली. ‘‘माझा स्वभावच तसा झालाय.’’

‘‘मी स्वभाव नाही विचारला,’’ चष्मेवाली म्हणाली.

तिने ओल्या मातीची सुपारीएवढी गोळी केली, पेल्याच्या तळाशी टाकली आणि ताईला फक्त एकदा, माझा हात धरून, उभं राहायला सांगितलं. मग पाय काढला. गोळी चपटी होऊन तळाला कागदासारखी चिकटली होती. म्हणजे ताईचा सगळा भार टोकावर पडत होता, नको तिथेच. मग तिने स्वतःच्या पर्समधली लिपस्टिक काढली, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जिथे हाडाचा उंचवटा लागतो तिथे रंगवली, आणि पाय एकदा घालायला लावून काढला. लाल डाग पेल्यात आतून ठेवलेल्या खोलगट जागेवर उमटायला हवा होता. तो तिच्या चांगला खाली उमटला.

‘‘पेला मोठा आहे. तुम्ही आत घसरताय,’’ ती म्हणाली. मग तिने आत बोट फिरवलं आणि थांबली. ‘‘इथे पोटरीच्या बाजूला ही आणखी एक खोलगट जागा कशासाठी ठेवलीय? तुमच्या पायावर तर इथे काहीच नाही.’’

ताईने हात आत घातला, चाचपलं, आणि तिचा चेहरा मी बघितला. तो मला पुन्हा बघायचा नाही.

फार पूर्वी तिथे एक मोठं गळू झालं होतं तिला. दादाने तेव्हा साच्यावर त्या जागी प्लास्टरचा थर चढवून गळवाला ऐसपैस जागा केली होती. गळू बरं होऊनही जमाना झाला. त्यानंतर दोन पाय झाले, त्यांत ती जागा नव्हती. या नव्या पायात ती परत आली होती. पायाचं नवं माप घेतलं असेल, तर बरं झालेल्या गळवासाठी जागा कोण ठेवेल?

‘‘त्याने जुन्या साच्यावर केलाय,’’ ताई म्हणाली. आवाज अगदी साधा होता, दुकानात एखादा नंबर संपला म्हणून सांगावं तसा.

चष्मेवालीने पाय घालायला बंदी केली. तो उचलून मी पिशवीत घातला, ताईला कुबड्या दिल्या, आणि आम्ही तिथून थेट दादाच्या घरी गेलो. दादाने दार उघडलं, कुबड्या बघितल्या, पिशवी बघितली, आणि काही न विचारता आत जाऊन बसला. त्यावरूनच सगळं कळलं.

‘‘माझं माप घेतलंस ना तू?’’ ताईने विचारलं. ‘‘मी बसले होते तुझ्यासमोर. तू अंगठे धरले होतेस.’’

दादा आपल्या हातांकडे बघत होता. अंगठ्यांची पेरं सुजलेली. ‘‘धरले होते. पण टिकले नाहीत,’’ तो म्हणाला. ‘‘हल्ली कळ येते, मध्येच सुटतात. ते माप बिघडलं. तुला परत बोलावलं असतं तर कारखान्यात सगळ्यांना कळलं असतं. तुझे सगळे साचे मी जपून ठेवलेत, फडक्यात गुंडाळून. त्यातला एक काढला. म्हटलं, थोडा घासून घेऊ. पाय काय, तोच आहे.’’

‘‘आणि मी दुखतंय म्हटल्यावर?’’

त्याने हात मांडीखाली घेतले.

‘‘तेव्हा तुला माहीत होतं.’’

‘‘वाटलं होतं, मोज्यांनी भागेल.’’

इतरांचे साचे कारखान्यात फोडून टाकतात. हिचे त्याने जपले, मायेने जपले, आणि त्याच मायेने तिचा केसाने गळा कापला. मी तोंडाला येईल ते बोलले. वहिनी रडायला लागली. ताईने मात्र आवाज चढवला नाही. रागच आला नाही तिला, त्याचाच मला धसका बसला.

चार-आठ दिवसांत टोकाची ती काळी कातडी फुटली. आतून पू झाला होता. दवाखान्यात सर्जनने पाय बघून स्वच्छ सांगितलं, विष हाडात वर चढलेलं असेल तर गुडघ्याच्या वरून कापावं लागेल. गुडघा जाणं म्हणजे काय, हे ज्याचा पाय गेलाय त्यालाच कळतं. गुडघा असला की जिना आहे, खुर्चीतून उठणं आहे, गिऱ्हाइकापुढे वाकून बूट चढवणं आहे. ताई ऑपरेशनच्या आधी दोन्ही हातांनी गुडघा कवटाळून बसली होती, कुणी तिचं लहान मूल हिसकावून न्यायला आल्यासारखी.

दादा आला, बरोबर वहिनीही. दारात उभा राहिला, मग पलंगाशी आला. डोळे लाल. ‘‘मी करीन तुझा नवा पाय,’’ तो म्हणाला. ‘‘गुडघा राहो न राहो. दुसऱ्या कुणाकडून अंगठे धरवून घेईन, पण मीच करीन. तू म्हणशील तितक्या वेळा करीन.’’

‘‘पाय नको,’’ ताई म्हणाली. ‘‘एक काम कर. डॉक्टरांना जाऊन सांग की मी खोटं बोलत नव्हते. मालकांना सांग. वहिनी, तुमच्यासमोर म्हणते, याच्याकडून शेजारीपाजारी सगळ्यांना सांगवून घ्या. तिला खरंच दुखत होतं आणि मला ठाऊक होतं, एवढंच.’’

दादाने मान खाली घातली. वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. मला मनापासून वाटत होतं, की आता तो हो म्हणेल आणि मी त्याला माफ करून टाकीन. पाय करणं त्याला सोपं होतं. ते एक वाक्य नाही जमलं त्याला. ‘‘आता ऑपरेशनचं बघू आधी,’’ तो म्हणाला, आणि औषधांचं विचारून येतो म्हणून जो गेला तो सर्जन येईपर्यंत परत आला नाही.

गुडघा वाचला. हाडाचं टोक थोडं कापावं लागलं, पण गुडघा वाचला. मी सर्जनच्या पाया पडायचीच बाकी होते. ताईने ऐकलं आणि ‘बरं’ म्हणाली. दादाने अजूनपर्यंत कुणाला काही सांगितलेलं नाही. त्याच्या कारखान्यात तो अजून बहिणीसाठी कॉलेज सोडलेला माणूसच आहे. दुकानातली जागा ताईने सोडली. मालकांनी निरोप पाठवला होता, मन शांत झालं की या म्हणून. तो निरोप तिने ऐकला आणि उठून आतल्या खोलीत गेली.

जखम भरल्यावर आम्ही परत चष्मेवालीकडे गेलो. तिने नवं माप घेतलं. तिच्या अंगठ्यांखाली ताई डोळे घट्ट मिटून बसली होती. दातांच्या डॉक्टरकडे बसतात तशी बसली होती. काही दिवसांनी चष्मेवालीने पारदर्शक पेला करून आणला, नुसता चाचणीचा, आतली कातडी दिसावी म्हणून. ताई त्यात उभी राहिली. दोन आडव्या दांड्यांमध्ये, दोन्ही हातांनी धरून. चष्मेवाली खाली बसून पेन घेऊन कुठे कातडी पांढरी पडते ते बघत होती.

‘‘थोडं पुढे या. आता मागे. कुठे बोचतंय?’’

ताईने दांडी आणखी घट्ट धरली.

‘‘दिसतंय तेवढं मला दिसतं,’’ चष्मेवाली वर न बघता म्हणाली. ‘‘पण दाब काही दिसत नाही, बाई. तो तुम्ही सांगितलात तरच कळणार. या कामात तुमच्या शब्दावरच चालतं सगळं. दुखतंय का?’’

ताईच्या कपाळावर घाम आला होता. दांडीवरची बोटं पांढरी झाली होती. तिने तोंड उघडलं, मिटलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. वर्गात उत्तर येत नसलं की पोरं शेजारच्याकडे बघतात, तसं.

‘‘तू सांग ना गं,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘मला दुखतंय का?’’